चौदा विहिरींची फाईल

संगणक मंद चालतो, ही तक्रार घेऊन जितकी माणसे माझ्याकडे आली, त्यांतल्या फार थोड्यांचा संगणक खरोखर बिघडलेला होता. उरलेल्यांचा मळलेला होता. मळ दोन प्रकारचा असतो. एक डब्याच्या आत साचतो. तो डबा उघडला की दिसतो. दुसरा डिस्कवर साचतो; तो दिसत नाही. हे दोन्ही मळ काढणे हा माझा धंदा. आधी अकोल्यात आणि नंतर अमरावतीत, मिळून तीस वर्षे मी तो केला. त्यापूर्वी टंकलेखन यंत्रे दुरुस्त करीत असे. ब्रश आणि स्पिरिटची बाटली तिथूनच माझ्याबरोबर आली.

संपादकांनी धंद्यातल्या गमती लिहायला सांगितले आहे. गमती आहेत, त्या आरंभीच सांगून टाकतो. त्यानंतर एका चुकीविषयी लिहायचे आहे. चूक माझी होती. तिच्यामुळे एका गावाने पिण्याच्या पाण्यासाठी बोअर कुठे खणावी, हा निर्णय हवा तो कागद समोर नसताना झाला.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी ते थोडक्यात सांगतो. संगणक काम करताना तापतो. आत एक पंखा असतो, तो बाहेरची हवा ओढून त्याला निववतो. हवेबरोबर धूळ येते. पंखा आणि त्याच्याखालची धातूची जाळी धुळीने भरली की उष्णता आत कोंडते. मग संगणक जळू नये म्हणून आपला वेग स्वतःच कमी करतो. मालकाला वाटते, यंत्र म्हातारे झाले. ते म्हातारे झालेले नसते. त्याला नीट श्वास घेता येत नसतो. डिस्कचेही तसेच. कधीकाळी घातलेले आणि विसरलेले चाळीस कार्यक्रम (प्रोग्रॅम) संगणक सुरू होताच एकदम जागे होतात आणि दारात गर्दी करतात. ते बंद करायचे, निरुपयोगी फायली काढायच्या, राहिलेल्या नीट लावायच्या. याला फार मोठी विद्या लागत नाही. लक्ष लागते.

अकोल्यात एका जिनिंगच्या मागच्या वस्तीत मी एक घरगुती संगणक उघडला होता. आत कापसाच्या तंतूंची गादी तयार झालेली होती. ती मी अखंड बाहेर काढली. घरमालकीण म्हणाली, "टाकू नका भाऊ. अजून दोन वर्षं थांबले असते, त उशी झाली असती." अमरावतीत एका निवृत्त कारकुनांच्या पत्नीने संगणकाला झालरीचे कापडी आवरण शिवले होते, आणि ते चालू संगणकावरही घातलेले असे. मी सांगितले, हे काढा, हवा जात नाही. कारकून म्हणाले, "धूळ जाऊ नये म्हणून त घातलं. अन् हवा काऊन पायजे त्याले? तो काय श्वास घेते?" मी म्हणालो, घेतो. त्यांनी पत्नीकडे पाहिले. पत्नी म्हणाली, "मंग झालर खालून कापून देते." दसऱ्यानंतरच्या आठवड्यात मला हमखास बोलावणी येत. पूजेतल्या अक्षता जाळीतून आत पडत आणि तांदळाचा एक दाणा पंख्याच्या पात्याला अडकून टकटक वाजत राही. तो चिमट्याने काढून मी मालकाच्या हातावर ठेवीत असे. प्रसाद म्हणून कोणी खाल्लेला मला आठवत नाही.

मात्र आमच्या भागाचा खास असा मळ यांपैकी कोणताच नाही. तो कूलरचा आहे.

इथल्या उन्हाळ्यात संगणक तापणार, हे सर्वांना कळते. म्हणून पुष्कळ लोक त्याला कूलरच्या थेट समोर ठेवतात. माणसाला बरे वाटते, त्याअर्थी यंत्रालाही वाटेल, असा हिशेब. ज्या घरात कूलरमध्ये गोडे पाणी भरतात तिथे फक्त गंज चढतो. परंतु पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे. तिथल्या जमिनीखालचे पाणी खारे आहे, आणि अकोल्यातही अनेक घरांच्या बोअरला तेच पाणी लागते. ते कूलरमधून बारीक तुषारांनी उडते, संगणकाच्या पंख्यातून आत जाते, तापलेल्या जाळीवर वाळते आणि मीठ मागे ठेवते. धूळ आणि मीठ मिळून जो पांढरा थर होतो तो फुंकरीने जात नाही, ब्रशने जात नाही. स्पिरिटने भिजवून, लाकडी काडीने, कण कण सोडवावा लागतो. हा थर मी जितका खरवडला आहे तितका क्वचितच कोणी खरवडला असेल.

तायडेबाईंची ओळख या थरामुळे झाली.

तायडेबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. निवृत्तीनंतर अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या अलीकडच्या एका गल्लीत दोन खोल्यांत राहत. तोपर्यंत मी अमरावतीत स्थायिक झालो होतो. तरी अकोल्याची जुनी गिऱ्हाइके सोडली नव्हती. गुरुवारी सकाळच्या एसटीने जायचे, तीन-चार घरे करायची, संध्याकाळी परत. बाईंकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा पाडवा होऊन आठवडा झाला होता.

"भाऊ, बटन दाबते अन् कुकर चढवते," बाई म्हणाल्या. "चार शिट्ट्या झाल्या, डाळ शिजली, गॅस बंद केला, की मंग हे उठते. हे मले चालत होतं. आता चालत नाई. आता घाई हाये."

घाई कशाची, हे त्यांनी शिक्षिकेच्या पद्धतीने, पायरीपायरीने सांगितले.

त्यांचे गाव खारपाणपट्ट्यात. गावाचे नाव मी लिहीत नाही. बाईंची तशी सूचना आहे. गावात चौदा विहिरी. नोकरीच्या आरंभी बाई त्याच गावच्या शाळेत चौथीला शिकवीत. भूगोलाचा धडा म्हणून त्यांनी एका पौर्णिमेला मुलांना विहिरींवर नेले. दोराला हातहातभर अंतरावर गाठी, टोकाला दगड. दोर सोडायचा, किती गाठी भिजल्या नाहीत ते मोजायचे, म्हणजे पाणी किती खोल ते कळते. मग बादलीने पाणी काढून तीन मुलांनी चाखायचे आणि एकमेकांचे न ऐकता सांगायचे: गोड, मचूळ की खारट. दोघे जे म्हणतील ते वहीत लिहायचे. धडा एका दिवसाचा होता. बाईंनी तो बावीस वर्षे चालवला. बदल्या होत गेल्या, पण आसपासच्याच गावांत. पौर्णिमेला त्या गावी येत आणि त्या वर्षीची चौथीची मुले घेऊन चौदा विहिरी फिरत.

वह्यांचे काय झाले, हे मी विचारले. एका वर्षी मोर्णेचे पाणी घरात शिरले होते. वह्या खालच्या फळीवर होत्या. त्यांचा लगदा झाला. परंतु त्याआधीच बाईंनी अकोल्यातल्या एका लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे बसून सगळ्या नोंदी संगणकावर उतरवून घेतल्या होत्या. पुढे त्याने दुकान बंद केले तेव्हा तोच संगणक बाईंनी विकत घेतला. मी उघडायला आलो होतो तो हाच.

आता गावाला पिण्याच्या पाण्याची मोठी बोअर मंजूर झाली होती. ती कुठे खणायची, हे महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेत ठरायचे होते. सरपंचांचे म्हणणे, एसटी थांब्याजवळ. रस्ता आहे, वीज आहे, टाकीला जागा आहे. बाईंचे म्हणणे, पूर्वेच्या अंगाला नऊ नंबरच्या विहिरीजवळ; बावीस वर्षांत त्या एका विहिरीचे पाणी भर वैशाखातही खारट झाले नव्हते.

"सरपंच म्हणते, तोंडी नको बाई, कागद आणा," बाई म्हणाल्या. "त कागद ह्याच्यात हाये. तुमी फक्त ह्याले उठवा."

मी डबा उघडला. जाळीवर मिठाचा थर पोह्याएवढा जाड होता. कूलर समोरच खिडकीत होता. थर काढायला पाऊण तास लागला. जाळीखाली उष्णता वाहून नेणारी नवी पेस्ट लावली, पंख्याला तेल दिले, कूलरचे तोंड दुसरीकडे वळवून घेतले. संगणक सुरू केला. चार शिट्ट्यांच्या जागी तीन. म्हणजे दोष आतल्या मळाचा तेवढाच नव्हता.

इथे माझा एक नियम सांगितला पाहिजे, कारण तो मी पाळला, आणि पाळूनही चुकलो. डिस्क साफ करताना मालकाला शेजारी बसवायचे. एकेक फोल्डर दाखवून विचारायचे: हे काय आहे, लागते का? हो म्हटले तर हात लावायचा नाही. नाही म्हटले तर पुन्हा एकदा विचारायचे. बाईंना मी असेच बसवले. त्या प्रत्येक प्रश्नाला हजेरी घेतल्यासारखे उत्तर देत होत्या. पत्रिकांचे नमुने: नको. गणपतीची चित्रे: नको. विहिरी: पाहिजे. विहिरींच्या फाईलची एक प्रत मी माझ्याकडच्या पेन ड्राइव्हवरही घेतली. इथवर सर्व ठीक होते.

मग मला फॉन्टची यादी दिसली. फॉन्ट म्हणजे अक्षरांचे वळण. ज्याला पत्रिका छापायच्या त्याला वळणे हौसेने लागतात. त्या दुकानदाराने नऊशेच्या वर साठवली होती. संगणक सुरू होताना ती नऊशे वळणे वाचून काढीत होता. आळस होता तो इथे. मी माहितीची पन्नास-साठ नावे ठेवली आणि बाकीची काढून टाकली. काढताना बाईंना विचारले नाही. फॉन्ट हा यंत्राचा अंतर्गत मामला, त्यातले शिक्षिकेला काय कळणार, असे मी मनात धरले. त्यानंतर डिस्क नीट लावण्याचा कार्यक्रम चालवला. तो विखुरलेल्या फायली उचलून रिकाम्या जागी सलग मांडतो. काम नेहमीप्रमाणे पूर्ण केले.

संगणक सुरू झाला तेव्हा कुकरची पहिली शिट्टी व्हायची होती.

"आता मायी डाळ कच्ची राहीन," बाई म्हणाल्या. त्या खूश होत्या.

निघताना विहिरींची फाईल जागेवर आहे का, हे मी पाहिले. नाव होते. आकार आधी होता तेवढाच होता. फाईल उघडून मात्र पाहिली नाही. उघडायला दोन सेकंद लागले असते. संगणक आता तितका वेगवान होता. मला साडेपाचची एसटी गाठायची होती.

आठ दिवसांनी फोन आला.

"गावंडे भाऊ, तुमी माया विहिरी इंग्रजीत काऊन केल्या?"

मी म्हणालो, मी काही केले नाही. बाई म्हणाल्या, "मंग ह्या आपोआप शिकल्या काय?"

त्या दिवशी गुरुवार नव्हता. मी तरीही गेलो. पडद्यावर फाईल उघडी होती. आकडे दिसत होते: गाठी, वर्ष, विहिरीचा क्रमांक. जिथे म्हणून शब्द होते तिथे इंग्रजी अक्षरे, कंस, टिंबे, डॉलरची चिन्हे यांचा निरर्थक पसारा होता. कोणत्या महिन्यात कोणत्या विहिरीचे पाणी कसे लागले, हे सांगणारे एकही अक्षर वाचता येत नव्हते.

काय झाले ते मला दारातच कळले होते. त्या काळी संगणकात मराठी अक्षराला स्वतःची जागा नव्हती. इंग्रजी अक्षराला मराठीचा मुखवटा घालून काम भागवीत. आत इंग्रजी, वर मराठी. कोणत्या अक्षराला कोणता मुखवटा, हे ज्या त्या फॉन्टवर अवलंबून असे. फाईलमध्ये फक्त आतले इंग्रजी साठवले जाई. मुखवटा फॉन्टमध्ये राही. मी मुखवटा फेकून दिला होता.

प्रचलित फॉन्ट असता तर दुसरीकडून मिळाला असता. फाईलमध्ये फॉन्टचे नाव नोंदलेले होते. ते नाव अकोल्यात कोणी ऐकलेले नव्हते. पत्रिकावाल्याने एक जुना फॉन्ट घेऊन त्यात आपल्या सोयीने अक्षरे इकडची तिकडे हलवली होती. तेव्हा अनेक जण तसे करीत. तो माणूस दुकान बंद करून कुठे गेला, हे शेजाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. काढलेली फाईल परत आणणारे कार्यक्रम असतात. ते मी चालवले. काढलेल्या फाईलची जागा रिकामी राहिलेली असली तरच ती परत येते. त्या जागेवर दुसऱ्या फायली मी स्वतः सलग मांडून ठेवल्या होत्या. काम अर्धवट करण्याची मला सवय असती, तर फॉन्ट वाचला असता. माझ्याकडच्या पेन ड्राइव्हवरची प्रत पाहिली. तीही तशीच दिसली. तिच्यातही मुखवटा नव्हता.

मी बाईंना सर्व सांगितले. काही झाकले नाही. त्यांनी ऐकून घेतले.

"म्हंजे लिहिलेलं हाये, पण वाचता येत नाई."

"हो."

"चौथीत येते असं एखादं पोरगं दरसाल," बाई म्हणाल्या. "त्याले काय करते मास्तर?"

"काय करतो?"

"पहिल्यापासून बसवते."

पहिल्यापासून बसायचे तर एक तरी छापील पान हवे होते. म्हणजे पानावर 'गोड' दिसते तिथे फाईलमध्ये काय आहे, हे जुळवून एकेक मुखवटा पुन्हा करता आला असता. बाईंकडे छापील पान नव्हते. त्यांना आठवले की एका वर्षाची नोंद त्यांनी शाळेतल्या प्रदर्शनासाठी छापून, प्लास्टिकमध्ये बसवून दिली होती. त्या गावी गेल्या. शाळेला रंग देताना भिंतीवरचे सगळे काढलेले होते. दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीत ते पान स्वयंपाकखोलीच्या खिडकीत सापडले. काच फुटली होती, तिच्या जागी ते लावलेले होते. प्लास्टिक असल्याने धुराने काळे झाले तरी पुसता आले. ग्रामसभेला तेव्हा नऊ दिवस उरले होते.

मी एक दिवसाआड अकोल्याला जाऊ लागलो. बाई पान हातात धरून वाचत. मी फाईलमध्ये तीच ओळ शोधून जुळवीत असे. एक अक्षर कधी दोन खुणांचे असे, कधी तीन. काना वेगळा, रफार वेगळा, अर्धे अक्षर वेगळे. बाई शुद्धलेखन सांगावे तसे सांगत, आणि मी चुकलो की थांबत.

"'मचूळ'मधला ऊ दीर्घ हाये, भाऊ. तुमी ऱ्हस्व जोडला."

"दोन्ही खुणा सारख्या दिसतात."

"दिसतात. नसतात."

त्या पानात अधिक महिना धरून तेरा पौर्णिमा होत्या, चौदा विहिरी होत्या, परंतु शब्द तेच ते होते. पुष्कळ अक्षरे त्या पानात आलीच नव्हती. ती मागच्यापुढच्या शब्दांवरून, अंदाजाने, मग दुसरीकडे पडताळून लावावी लागली.

ग्रामसभेच्या दिवशी अर्धे काम झाले होते. चवीचा रकाना काही वर्षांचा वाचता येत होता, काही वर्षांचा नव्हता. बाई जे होते ते छापून घेऊन गेल्या. सभेत काय झाले, ते त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितले. सरपंचांनी कागद उलटसुलट पाहिला आणि सभेपुढे धरला.

"बाई, ह्याच्यात अर्धं त डॉलर दिसून राह्यले," ते म्हणाले. सभा हसली. नंतर एसटी थांब्याचा ठराव झाला. चौथ्या दिवशी गाडी येऊन बोअर खणून गेली.

सभेची हकिगत सांगून झाली त्याच दिवशी बाईंनी चष्मा लावला आणि पान हातात घेतले. मी म्हणालो, आता घाई राहिली नाही. तुम्हाला थांबायचे असेल तर थांबू. बाई म्हणाल्या, "सभेसाठी नोंद ठेवली नव्हती, भाऊ. सभा आत्ता आली. पुढं."

आणखी सहा दिवस लागले. चवीचा रकाना पूर्ण झाल्यावर एक शेवटचा रकाना उरला होता. तो त्या छापील पानात नव्हता. बाईंनी प्रदर्शनाच्या वेळी गाळलेला होता. तोवर बहुतेक अक्षरे मला येत होती, म्हणून तो मी स्वतःच वाचू लागलो. रकान्याचे शीर्षक होते 'मोजणी'. पहिल्या वर्षी पाच विहिरींपुढे एकच शेरा होता. तो मी जुळवला आणि मोठ्याने वाचला:

"दोर मुलांनी सोडला. मी वीस पावलांवर."

मला आधी कळले नाही. पुढच्या पौर्णिमेलाही तेच होते. त्याच पाच विहिरी. मग कळले. त्या विहिरींवर बाईंना चढू देत नव्हते. गावच्या मुलांना त्या पाणी मोजायला शिकवीत होत्या, आणि स्वतः वीस पावलांवर उभ्या राहून वहीत लिहीत होत्या. नऊ नंबरची विहीर त्या पाचांतली होती.

मी वाचायचा थांबलो. माझे आडनाव वर आलेच आहे. त्या पाच विहिरी माझ्याच जातीच्या माणसांच्या असतील, हे मला कोणी सांगण्याची गरज नव्हती.

बाईंनी मान वर केली नाही. "पुढचं अक्षर घ्या," त्या म्हणाल्या.

मी घेतले. चौथ्या वर्षी एका विहिरीपुढून तो शेरा गेला. सातव्या वर्षी आणखी तिन्हींपुढून. नऊ नंबरपुढून तो सर्वांत शेवटी, अकराव्या वर्षी, आषाढी पौर्णिमेला गेला. त्या दिवशी तिथे लिहिले होते: "दोर मी सोडला. सतरा गाठी. गोड."

मी ती ओळ पुन्हा पडताळली आणि पुढच्या पौर्णिमेवर गेलो.

आम्ही पूर्ण नोंद आजच्या पद्धतीच्या अक्षरांत उतरवली. ही अक्षरे कोणत्याही संगणकावर, कोणताही फॉन्ट काढला तरी वाचता येतात. चार प्रती छापल्या: एक ग्रामपंचायतीला, एक शाळेला, एक बाईंकडे, एक माझ्याकडे. ग्रामपंचायतीने पोच दिली.

बोअरला पाणी भरपूर लागले. ते खारे निघाले. भांडी घासायला चालते. प्यायचे पाणी गावातल्या बाया अजूनही नऊ नंबरवरून डोक्यावर आणतात. कागद वेळेवर मिळाला असता तर ठराव निश्चित बदलला असता, असे मी म्हणत नाही. ग्रामसभा कशा चालतात हे मला माहीत आहे. सभेत बाईंच्या हातात वाचता येणारा कागद नव्हता आणि तो माझ्यामुळे नव्हता, एवढेच मी म्हणतो.

त्यानंतर मी धंदा सात वर्षे केला. नियमात एक भर घातली: काम झाल्यावर मालकाने आपली सर्वांत महत्त्वाची फाईल माझ्यासमोर उघडून, तिच्यातली एक ओळ मोठ्याने वाचायची. लोक हसत. एका गिऱ्हाइकाने सुनेच्या बाळंतपणाच्या खर्चाची यादी वाचून दाखवली. मी उभा राहून ऐकली. दुसरे असे की कोणाच्याही संगणकातले फॉन्ट काढण्यापूर्वी त्यांची प्रत माझ्या संगणकात ठेवू लागलो. दोन्ही जिल्ह्यांतल्या बंद पडलेल्या पत्रिकावाल्यांचे, अर्ज टंकणाऱ्यांचे, छोट्या छापखान्यांचे हाताने फिरवलेले फॉन्ट आज माझ्याकडे आहेत. अजूनही कोणी कोणी वाचता न येणारी फाईल घेऊन येते. वडिलांचे आत्मवृत्त, एखाद्या मंडळाची घटना. बहुतेक वेळा मुखवटा सापडतो. हे सर्व बाळगल्यामुळे माझा स्वतःचा संगणक सुरू व्हायला नऊ मिनिटे लागतात. अमरावतीत याहून मंद संगणक माझ्या पाहण्यात नाही. पत्नीने एकदा विचारले, "लोकायचे साफ केले जन्मभर, हा काऊन नाई करत?" मी म्हणालो, बघू.

बाई त्या वर्षी दिवाळीनंतर एकदा अमरावतीला आल्या होत्या. कोणाकडे लग्न होते. घर शोधत आल्या, चहा घेतला, निघताना पिशवीतून एक काचेची बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली. पाणी होते, स्वच्छ दिसणारे.

"थांब्यावरच्या बोअरचं हाये," त्या म्हणाल्या. "तुमच्या कूलरले टाका."

मी त्यांच्याकडे पाहिले. त्या हसत नव्हत्या, रागावलेल्याही दिसत नव्हत्या. वही तपासून परत देताना शिक्षकाचा चेहरा असतो, तसा होता. मी बाटली घेतली. त्यांना रिक्षापर्यंत सोडून आलो.

बाटली संगणकाशेजारच्या फळीवर ठेवली. झाकण सैल होते. ते मी घट्ट केले नाही. आमच्याकडच्या तीन उन्हाळ्यांत पाणी आटले. आता तळाशी आणि काचेच्या बाजूंना पांढरा थर आहे, पोह्याएवढा जाड नाही, पण दिसतो. स्पिरिट आणि काडी त्याच फळीवर असतात. तो थर मी काढलेला नाही.